स्पर्शपटल टॅबलेटवर मुक्तस्रोत डेस्कटॉप प्रणालीची उभारणी : 'आकाश'चा अनुभव आणि धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालयांसाठी त्याचा बोध

गोषवारा

टॅबलेट हे केवळ पाहण्याचे व ऐकण्याचे साधन आहे, अशी समजूत शिक्षणक्षेत्रात रूढ आहे. योग्य ऑपरेटिंग सिस्टीम बसविल्यास हेच उपकरण लेखन, गणन, प्रोग्रॅमिंग व संशोधनाचे साधन होऊ शकते. आयआयटी मुंबईने २०१२ च्या सुमारास 'आकाश' या स्वस्त टॅबलेटवर लिनक्स चालवून हे दाखवून दिले. प्रस्तुत लेखात त्या प्रयोगाचे तांत्रिक स्वरूप, त्यानंतर बदललेली परिस्थिती, आज उपलब्ध असलेल्या टॅबलेटवर लिनक्स डेस्कटॉप बसविण्याची क्रमवार पद्धती, मराठी लेखनाची सोय आणि या मार्गाच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, लिनक्स, टॅबलेट, आकाश, युनिकोड, ग्रामीण महाविद्यालये

१. प्रस्तावना

पूर्वी उस्मानाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २०२३ पासून अधिकृतपणे धाराशिव हे नाव धारण केलेल्या आपल्या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. नीती आयोगाच्या पुढाकाराने २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशीम व गडचिरोली यांच्यासोबत या जिल्ह्याचा समावेश झाला. भूम, परंडा, लोहारा, वाशी यांसारख्या तालुक्यांतून शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी संगणक असेलच असे गृहीत धरून अध्यापनाचे नियोजन करता येत नाही. महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा हाच त्याचा खरा आधार असतो आणि तेथील प्रत्येक यंत्राचे आयुष्य हा म्हणूनच शैक्षणिक प्रश्न ठरतो.

हा प्रश्न अलीकडे अधिक तीव्र झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आवश्यक आहे. २ जीबी रॅम व ३२ जीबी साठवण असलेले टॅबलेट या अटींत बसत नाहीत. ते बिघडलेले नसतात, परंतु त्यांना सुरक्षा अद्यतने मिळणे थांबते. जुन्या अँड्रॉइड टॅबलेटची अवस्थाही वेगळी नाही. असे उपकरण जडवस्तू संग्रह नोंदवहीतून कमी करून भंगारात काढावे, की त्याचा उपयोग करून घ्यावा, हा निर्णय अखेर महाविद्यालयाला व पर्यायाने प्राध्यापकांना घ्यावा लागतो. तो निर्णय माहितीच्या आधारे घेता यावा, हा या लेखाचा हेतू आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

१) टॅबलेटवर ऑपरेटिंग सिस्टीम कशी सुरू होते, हे सोप्या भाषेत स्पष्ट करणे.
२) 'आकाश' टॅबलेटवरील लिनक्सच्या प्रयोगाचे स्वरूप समजून घेणे.
३) आजच्या परिस्थितीत लिनक्स डेस्कटॉप बसविण्याची पद्धती सांगणे.
४) मराठी लेखनाच्या दृष्टीने आवश्यक त्या बाबींची चर्चा करणे.
५) हा मार्ग कोठे योग्य व कोठे अयोग्य, याचे निकष मांडणे.

३. संकल्पनांचे स्पष्टीकरण

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते असे सॉफ्टवेअर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नलची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. या दोहोंच्या संयोगातून डेबियन, उबुंटू, फेडोरा अशी अनेक वितरणे निर्माण झाली.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अँड्रॉइडमध्येही लिनक्सचाच कर्नल आहे. मग वेगळे लिनक्स बसविण्याचे प्रयोजन काय? कर्नल हा केवळ पाया आहे. त्यावरील इमारत दोन्हीकडे भिन्न आहे. अँड्रॉइडमधील प्रत्येक ॲप आपापल्या कप्प्यात बंदिस्त असते आणि वापरकर्ता हा मुख्यतः ग्राहक मानलेला असतो. लिनक्स डेस्कटॉपमध्ये एका प्रोग्रॅमने तयार केलेली फाइल दुसऱ्याने उघडावी, प्रोग्रॅम लिहावा, तो तेथेच चालवून पाहावा, संपूर्ण प्रबंध तळटिपांसह सिद्ध करावा, अशी सोय असते. विद्यार्थ्याला केवळ व्याख्यान पाहावयाचे असेल, तर अँड्रॉइड पुरेसे आहे. सांख्यिकीतील उदाहरण त्याने स्वतः सोडवून पाहावे अशी अपेक्षा असेल, तर डेस्कटॉप हवा.

टॅबलेट सुरू करण्याचे बटन दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत चार टप्पे घडतात. प्रथम, चिपमध्ये कायमस्वरूपी कोरलेला लहानसा प्रोग्रॅम जागा होतो आणि पुढचा प्रोग्रॅम कोठे आहे याचा शोध घेतो. दुसऱ्या टप्प्यात बूटलोडर कर्नलला स्मृतीत आणतो. तिसऱ्या टप्प्यात कर्नल पडदा, स्पर्शपटल, वायफाय, ध्वनी या प्रत्येक भागाचा ड्रायव्हर चालू करतो. चौथ्या टप्प्यात डेस्कटॉप समोर येतो. टॅबलेटवर लिनक्स बसविताना जी अडचण येते, ती बहुधा पहिल्या तीन टप्प्यांत असते. डेस्कटॉपसंबंधीच्या अडचणी त्या मानाने सुसह्य असतात.

सर्वसाधारण संगणकात कोणते भाग जोडले आहेत, हे कर्नल स्वतः विचारून घेऊ शकतो. स्वस्त एआरएम टॅबलेटमध्ये तशी व्यवस्था नसते. पडदा कोणत्या तारांना जोडला आहे, स्पर्शनियंत्रक कोणता आहे, हे कर्नलला अगोदर लिहून द्यावे लागते. म्हणूनच एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या दोन टॅबलेटपैकी एकावर लिनक्स सहज चालते आणि दुसऱ्यावर पडदाही उजळत नाही, असा अनुभव येतो.

४. 'आकाश' : महाराष्ट्रातील एक महत्त्वाचा प्रयोग

केंद्र शासनाच्या 'माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षण' या राष्ट्रीय अभियानाचा प्रारंभ २००९ मध्ये झाला. या अभियानांतर्गत विद्यार्थ्यांसाठी अल्पदरातील टॅबलेटची कल्पना पुढे आली. ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्ली येथे तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते डेटाविंड कंपनीने तयार केलेला पहिला 'आकाश' सादर झाला. त्यात ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि दाब देऊन चालणारे रोधी स्पर्शपटल होते. अँड्रॉइडची २.२ ही आवृत्ती त्यावर होती. एवढ्या सामग्रीवर गंभीर शैक्षणिक काम होणे कठीण होते.

पुढे प्रकल्पाची सूत्रे आयआयटी मुंबईकडे आली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, राष्ट्रीय शिक्षण दिनी, तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश २' सादर झाला. त्यात ऑलविनर ए१३ ही चिप, १ गिगाहर्ट्झचा कॉर्टेक्स ए८ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, सात इंची धारक स्पर्शपटल आणि अँड्रॉइड ४.० होते. प्रा. दीपक फाटक व प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली आयआयटी मुंबईच्या गटांनी या उपकरणासाठी शैक्षणिक सॉफ्टवेअर सिद्ध केले. त्यातील दोन वाटा आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली वाट म्हणजे अँड्रॉइडच्या आत लिनक्स. अँड्रॉइड न हटविता त्यातच लिनक्सचा एक लहान कप्पा ठेवून त्यातून सी, सी++, पायथॉन व सायलॅब यांचे प्रोग्रॅम चालविण्याची सोय करण्यात आली. वापरकर्त्यासमोर नेहमीचे ॲप दिसे, परंतु प्रोग्रॅम प्रत्यक्षात चाले तो आतल्या लिनक्समध्ये.

दुसरी वाट म्हणजे संपूर्ण लिनक्स डेस्कटॉप. येथे ऑलविनर चिपच्या एका गुणधर्माचा उपयोग झाला. ही चिप सुरू होताना आतील साठवणीकडे वळण्यापूर्वी मायक्रोएसडी कार्ड तपासते. कार्डाच्या प्रारंभापासून ८ किलोबाइट अंतरावर बूटलोडर आढळल्यास ती तोच सुरू करते. त्यामुळे उबुंटूवर आधारलेले लिनक्स कार्डावर लिहून ते टॅबलेटमध्ये घातले की लिनक्स सुरू होई आणि कार्ड काढले की पूर्वीचे अँड्रॉइड जसेच्या तसे परत येई. मूळ प्रणालीस धक्का न लावता प्रयोग करता येणे, हे या पद्धतीचे मोठे वैशिष्ट्य होय. विद्यार्थ्याच्या हाती उपकरण देताना असा परतीचा मार्ग असणे अत्यंत आवश्यक असते.

या डेस्कटॉपच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. पडद्याचे विभेदन ८०० गुणिले ४८० एवढेच असल्याने मोठ्या संगणकासाठी रचलेल्या चौकटींचा खालचा भाग पडद्याबाहेर जाई आणि नेमके 'ठीक' हे बटन दिसेनासे होई. बोट हे माऊसच्या टोकासारखे वागे. लिनक्समधील एक्स सर्व्हरला अनेक बोटांच्या एकाचवेळच्या स्पर्शाची ओळख मार्च २०१२ मधील १.१२ या आवृत्तीत प्रथम झाली होती आणि डेस्कटॉपवरील प्रोग्रॅम तोवर त्यासाठी तयार नव्हते. चिपमधील चित्रप्रक्रिया विभागाचा मुक्त ड्रायव्हर तेव्हा उपलब्ध नव्हता. तो 'लिमा' या नावाने लिनक्स कर्नलच्या ५.२ आवृत्तीत, २०१९ मध्ये, दाखल झाला.

यातून निघणारा निष्कर्ष विचार करण्यासारखा आहे. 'आकाश २' वरील अँड्रॉइड ४.० केव्हाच कालबाह्य झाले. परंतु त्यातील चिपचा आधार मुख्य लिनक्स कर्नलमध्ये स्वयंसेवी विकसकांनी आणला आणि पुढील काळात तो वाढत गेला. उत्पादकाने पाठ फिरविल्यानंतरही उपकरणाचे ज्ञान सार्वजनिक राहिले, हे केवळ मुक्तस्रोत पद्धतीमुळे शक्य झाले.

५. आज कोणत्या टॅबलेटवर काय शक्य आहे?

महाविद्यालयांत आढळणाऱ्या टॅबलेटचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतील.

अ) इंटेल प्रोसेसर असलेले विंडोज टॅबलेट. २०१४-१५ मध्ये मुंबईस्थित आयबॉलचा स्लाइड डब्ल्यूक्यू१४९, मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास लॅपटॅब, नोशन इंकचा केन यांसारखी उपकरणे भारतीय बाजारात आली. त्यांत इंटेल ॲटम झेड३७३५ मालिकेतील प्रोसेसर, २ जीबी रॅम व ३२ जीबी साठवण असे. लिनक्ससाठी हा वर्ग सर्वाधिक अनुकूल आहे.

आ) बूटलोडर बंद असलेले अँड्रॉइड टॅबलेट. उत्पादकाने बूटलोडर उघडण्याची परवानगी दिली नसेल, तर दुसरी प्रणाली बसविता येत नाही. येथे आयआयटी मुंबईच्या पहिल्या वाटेचे आधुनिक रूप उपयोगी पडते. टर्मक्स या मुक्तस्रोत ॲपद्वारे अँड्रॉइडच्या आत डेबियन किंवा उबुंटूचा कप्पा उभारता येतो व त्यात पायथॉन, आर यांसारखी साधने चालविता येतात. त्यासाठी यंत्राचे मूलाधिकार मिळविण्याची गरज नसते.

इ) बूटलोडर उघडता येणारे अँड्रॉइड टॅबलेट. यांतील काहींसाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएस या प्रकल्पाने लिनक्स सिद्ध केले आहे. आपल्या उपकरणाचे नेमके प्रारूप त्यांच्या यादीत असेल व त्यापुढे स्पर्श, वायफाय आणि पडदा चालत असल्याची नोंद असेल, तरच हा मार्ग स्वीकारावा.

पुढील पद्धती मुख्यतः पहिल्या वर्गासाठी आहे.

६. उभारणीची क्रमवार पद्धती

६.१ पूर्वतयारी

प्रथम उपकरणाचे प्रारूप, प्रोसेसर, रॅम व साठवण यांची नोंद करावी. जुन्या टॅबलेटची बॅटरी फुगलेली नाही ना, हे मागील झाकणावरून पाहावे. फुगलेल्या बॅटरीचा टॅबलेट चार्जिंगला लावू नये. त्यानंतर ओटीजी केबल, स्वतंत्र वीजपुरवठा असलेला यूएसबी हब, यूएसबी कीबोर्ड व माऊस आणि ८ जीबी किंवा अधिक क्षमतेचा पेनड्राइव्ह जमवावा. बहुतेक टॅबलेटना एकच मायक्रोयूएसबी छिद्र असते. पेनड्राइव्ह जोडला असताना चार्जिंग होईलच असे नाही. म्हणून बॅटरी पूर्ण भरून घेऊनच काम सुरू करावे. वीज जाण्याची वेळ ठाऊक असेल, तर ती टाळावी.

६.२ मूळ प्रणालीची प्रत

विंडोज पुसण्यापूर्वी संपूर्ण साठवणीची प्रत बाह्य डिस्कवर काढून ठेवावी. ही सूचना औपचारिक नाही. अनेक स्वस्त टॅबलेटमध्ये सिलीड कंपनीचा स्पर्शनियंत्रक असतो. त्याला सुरू होताना दरवेळी एक फर्मवेअर फाइल द्यावी लागते. ती प्रत्येक प्रारूपासाठी वेगळी असते आणि पुष्कळदा ती विंडोजमधील ड्रायव्हरच्या आतच दडलेली असते. विंडोज पुसले, की ती फाइलही जाते आणि स्पर्शपटल असलेला टॅबलेट स्पर्शाविना उरतो.

६.३ बूटचा पेच

ॲटम झेड३७३५ हा प्रोसेसर ६४ बिट क्षमतेचा आहे, परंतु या वर्गातील बहुतेक टॅबलेटचे यूईएफआय, म्हणजे पहिल्या टप्प्यातील फर्मवेअर, ३२ बिटचे असते. ते केवळ ३२ बिटचाच बूटलोडर ओळखते. केवळ ६४ बिटचा बूटलोडर असलेला पेनड्राइव्ह लावल्यास टॅबलेट त्याकडे दुर्लक्ष करून सरळ विंडोज सुरू करतो. पेनड्राइव्ह खराब आहे असे वाटून पुष्कळजण येथेच थांबतात. वस्तुतः ३२ बिटचा बूटलोडर व ६४ बिटचा कर्नल असे मिश्रण हवे असते. डेबियनने २०१५ मधील आठव्या आवृत्तीपासून या मिश्र रचनेला आधार दिला आहे, म्हणून या टॅबलेटसाठी डेबियन सोयीचे ठरते. आवश्यक वाटल्यास फर्मवेअरच्या मांडणीत जाऊन सिक्युअर बूट बंद करावे.

६.४ अगोदर चाचणी, मग स्थापना

पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून पाहण्याची सोय असते. त्यास लाइव्ह सत्र म्हणतात. त्या सत्रात पुढील सहा गोष्टी तपासून तक्ता करावा : स्पर्श, वायफाय, ध्वनी, पडद्याचे वळणे, बॅटरीची टक्केवारी, आणि झाकून पुन्हा सुरू केल्यावर जागे होणे. पहिल्या दोहोंपैकी एक जरी चालत नसेल आणि त्यावरील उपाय सापडत नसेल, तर स्थापना करू नये. कॅमेरा या वर्गातील टॅबलेटवर बहुधा चालत नाही, हे गृहीत धरावे.

या टॅबलेटमधील रिअलटेक ८७२३बीएस या वायफाय चिपचा ड्रायव्हर २०१७ मधील ४.१२ आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे. त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांमध्ये दिलेले, स्वतः ड्रायव्हर तयार करण्याचे कष्ट आज घ्यावे लागत नाहीत. या पिढीतील प्रोसेसरवर जुने कर्नल अचानक गोठत असत. विश्रांतीच्या खोल अवस्थेतून प्रोसेसर परत येत नसे, हे त्याचे कारण होते. ती अवस्था मर्यादित करण्याची सूचना कर्नलला देणे हा त्यावरील जुना उपाय होता. आजही एखादा टॅबलेट गोठत असेल, तर तो करून पाहावा. त्याने बॅटरी मात्र लवकर संपते.

६.५ प्रत्यक्ष स्थापना

डेबियनचा स्थापक चित्ररूप पद्धतीने चालविल्यास त्यात मराठी भाषा निवडता येते. केवळ अक्षररूप स्थापकात ही सोय नाही. विंडोजची आवश्यकता उरली नसल्यास संपूर्ण साठवण लिनक्सला द्यावी. ३२ जीबीमध्ये दोन्ही प्रणाली ठेवल्यास दोन्हींची कुचंबणा होते. स्थापनेच्या काळात पडदा आडवा ऐवजी उभा दिसू शकतो. कीबोर्ड व माऊस जोडलेले असल्यास त्याने काम अडत नाही.

६.६ डेस्कटॉपची निवड

स्पर्शासाठी ग्नोम व केडीई प्लाझ्मा हे दोन डेस्कटॉप सर्वाधिक अनुकूल आहेत. दोन्ही आता वेलँड या नव्या प्रदर्शन व्यवस्थेवर चालतात, त्यामुळे बोटांच्या हालचाली नीट ओळखल्या जातात. ग्नोममध्ये मजकुराच्या जागी बोट टेकताच पडद्यावरील कीबोर्ड वर येतो. परंतु दोन्हींची स्मृतीची भूक मोठी आहे. ४ जीबी रॅम असल्यास ग्नोम घ्यावे. २ जीबी असल्यास एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी घेऊन पडद्यावरील कीबोर्डसाठी ऑनबोर्ड हा स्वतंत्र प्रोग्रॅम जोडावा आणि चिन्हांचा व अक्षरांचा आकार वाढवून घ्यावा. झेडरॅम ही व्यवस्था सुरू केल्यास स्मृतीतील मजकूर संकुचित करून ठेवला जातो व कमी रॅमवरही काम सुसह्य होते.

टॅबलेट फिरविल्यावर पडदा फिरावा यासाठी आयआयओ सेन्सर प्रॉक्सी हा प्रोग्रॅम लागतो. ग्नोम व प्लाझ्मा त्याचा वापर आपोआप करतात. एक्सएफसीईमध्ये पडदा हाताने फिरवावा लागतो आणि पडद्याबरोबर स्पर्शाची दिशाही फिरवावी लागते. तसे न केल्यास बोट वर टेकले असता टिचकी बाजूला पडते.

७. मराठी लेखनाची व्यवस्था

भाषा विषयांच्या प्राध्यापकांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. अँड्रॉइडच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरे नीट उमटत नसत. लिनक्स डेस्कटॉपवर मात्र त्या काळातही लोहित कुळातील फाँटांमुळे देवनागरी वाचता व लिहिता येत होती.

लेखनासाठी तीन पर्याय आहेत. इनस्क्रिप्ट ही १९९१ च्या भारतीय मानकातील मांडणी कीबोर्डच्या यादीत 'मराठी' या नावाने मिळते. उच्चारानुसारी लेखनाची सवय असणाऱ्यांसाठी कगप मांडणी आहे. आयबस व एम१७एन यांच्या साहाय्याने रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सोयही होते. पडद्यावरील कीबोर्डवर मात्र इनस्क्रिप्ट अधिक सोपे वाटते, कारण अक्षरे समोर छापलेलीच दिसतात आणि कोणती कळ कोठे आहे हे पाठ करावे लागत नाही.

उभारणीनंतर पुढील शब्द टंकून पाहावेत : दर्या आणि दऱ्या, ॲटम, ज्ञानेश्वर, शृंगार. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. बालाघाटच्या दऱ्यांवर लिहिणाऱ्या भूगोलाच्या अध्यापकास या दोन र मधील भेद चालवून घेता येणार नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मधील ५.१ या आवृत्तीत आले, म्हणून जुन्या फाँटांत ते चौकोन होऊन दिसते. तसेच ल व श यांची मराठी वळणे हिंदीहून भिन्न आहेत. प्रणालीची भाषा मराठी ठेवल्यास लोहित देवनागरीसारखे फाँट मराठी वळण दाखवितात.

एक अडचण मात्र गंभीर आहे. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वीचे लेखन श्रीलिपी, आयएसएम अथवा तत्सम सॉफ्टवेअरमधील युनिकोडपूर्व फाँटांत आहे. त्या फाइल लिनक्सवर उघडल्यास केवळ निरर्थक चिन्हे दिसतात. याचा दोष लिनक्सचा नाही. त्या फाँटांत देवनागरी अक्षरे दुसऱ्याच चिन्हांच्या जागी बसविलेली होती. मूळ सॉफ्टवेअर चालणारा एखादा संगणक आहे तोवर हे लेखन परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणून, डोळ्यांखालून घालून जतन करणे, हे प्रत्येक मराठी विभागाने तातडीने हाती घ्यावे असे कार्य आहे. शेवटचा तसा संगणक बंद पडल्यानंतर हे काम कितीतरी कठीण होईल.

८. विषयानुसार उपयोग व महाविद्यालयीन व्यवस्था

लिब्रेऑफिस सर्वच विषयांस उपयुक्त आहे. गणितासाठी जिओजेब्रा व सायलॅब, संख्याशास्त्रासाठी आर, भूगोलासाठी क्यूजीआयएस, वाणिज्यासाठी मुंबईत विकसित झालेले ग्नूखाता, अशी साधने विनामूल्य मिळतात. त्यांपैकी क्यूजीआयएस २ जीबी रॅमवर मोठे नकाशे उघडताना अडखळते, हे ध्यानात ठेवावे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात यांपैकी अनेक साधनांची लहान लहान पाठांतून ओळख करून दिली आहे आणि पुष्कळ पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत.

एकेका टॅबलेटवर स्वतंत्रपणे सॉफ्टवेअर उतरवून घेतल्यास महाविद्यालयाच्या इंटरनेटवर ताण येतो. प्रयोगशाळेतील एका संगणकावर ॲप्ट कॅशर एनजी हा प्रोग्रॅम चालू ठेवल्यास पहिल्या टॅबलेटने उतरविलेली फाइल तेथे साठते व उर्वरित टॅबलेटना ती स्थानिक जाळ्यातूनच मिळते. एक टॅबलेट पूर्ण सिद्ध करून त्याची प्रतिमा त्याच प्रारूपाच्या अन्य टॅबलेटवर उतरविल्यास वेळही वाचतो. केरळ शासनाने आपल्या शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली एकच प्रणाली सिद्ध करून राज्यभर वापरली, त्यामागे हेच सूत्र आहे. सर्वत्र एकच रचना असल्याने एका शिक्षकाला सुचलेला उपाय सर्वांना उपयोगी पडतो.

९. मर्यादा व निर्णयाचे निकष

मुक्तस्रोताचा पुरस्कार करताना त्याच्या मर्यादा झाकणे योग्य नव्हे. टॅबलेटवरील लिनक्सला बॅटरी मूळ प्रणालीइतकी पुरेल याची हमी नसते. काही परीक्षा प्रणाली व शासकीय संकेतस्थळांची डिजिटल स्वाक्षरीसारखी साधने लिनक्सवर अडतात. बिघाड झाल्यास तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती करणारा मिळेलच असे नाही. म्हणून पुढील निकष सुचवावेसे वाटतात.

१) उपकरणाची हमी शिल्लक असल्यास व मूळ प्रणालीस अद्यतने मिळत असल्यास बदल करू नये.
२) लाइव्ह सत्रात स्पर्श व वायफाय चालत नसल्यास बदल करू नये.
३) महाविद्यालयातील किमान दोन व्यक्तींना ही पद्धती अवगत असल्याशिवाय एकाहून अधिक टॅबलेट हाती घेऊ नयेत. एकाच व्यक्तीवर विसंबलेली व्यवस्था त्या व्यक्तीच्या बदलीबरोबर संपते.
४) कार्यालयीन कामकाजाचे टॅबलेट या प्रयोगातून वगळावेत.
५) नवी खरेदी करताना निविदेत बूटलोडर उघडण्याची मुभा व मुख्य लिनक्स कर्नलचा आधार या दोन अटी घालाव्यात. खरेदीच्या वेळी लिहिलेली एक ओळ पुढील दहा वर्षांचा त्रास वाचवू शकते.

१०. समारोप

'आकाश' प्रकल्पाची चर्चा बहुधा त्याच्या किमतीभोवती फिरत राहिली. त्या प्रकल्पातून मिळालेला अधिक टिकाऊ धडा वेगळा आहे. विद्यार्थ्याला दिलेले उपकरण उघडता व बदलता येण्याजोगे असेल, तर त्याचे शैक्षणिक आयुष्य उत्पादकाच्या धोरणावर अवलंबून राहत नाही. कार्ड घातले की लिनक्स व कार्ड काढले की अँड्रॉइड, ही २०१२ मधील साधी योजना शिकणाऱ्याला निर्भयपणे प्रयोग करू देत होती. आपल्या जिल्ह्यासारख्या भागात यंत्रे थोडी व विद्यार्थी अधिक आहेत. तेथे कपाटात पडून असलेला एक टॅबलेट सुरू होणे म्हणजे एका विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत स्वतंत्र जागा मिळणे होय. महाविद्यालयांनी प्रथम आपल्याकडील टॅबलेटची प्रारूपनिहाय यादी करावी, एका टॅबलेटवर वरील चाचणी घ्यावी आणि तिचा तक्ता शेजारच्या महाविद्यालयांनाही द्यावा. तक्त्यांची अशी देवाणघेवाण सुरू झाल्यास एका महाविद्यालयातील चाचणी त्याच प्रारूपाचा टॅबलेट बाळगणाऱ्या इतर सर्व महाविद्यालयांच्या उपयोगी पडेल.